रावकाकांचा डावा पाय

नवा माणूस भेटला की लोक त्याच्या तोंडाकडे बघतात. रावकाका डाव्या पायाकडे बघायचे. माझी त्यांची ओळखही तशीच झाली. चेन्नईत मी नवी होते, गाडी नवी होती आणि अण्णा नगरमधल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगचा चढ असा काही विचित्र होता, की रोज सकाळी मी गाडी हाफ क्लचवर रडवत रडवत रस्त्यावर काढायची. एके दिवशी दुसऱ्या मजल्यावरून पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडची लुंगी, सावरत एक उंच, वाळलेले म्हातारे गृहस्थ खाली आले आणि काचेवर टकटक करून मला उतरायला लावलं. बोलण्याआधी वाकून माझी डावी चप्पल पाहिली. माझ्या दारावरची पाटी बहुतेक आधीच वाचली असावी, कारण थेट मराठीतच सुरुवात केली.

"पाय काढ गे त्या पेडलावरनं. क्लच म्हंजे पाय टेकायचं पाट नव्हे."

परक्या गावात मराठी ऐकून मला गहिवरून आलं असेल, असं कुणाला वाटेल. मला राग आला. ऑफिसला उशीर झालेला, अंबत्तूरच्या रस्त्यावर लॉऱ्यांची रांग लागलेली असणार, आणि हा माणूस माझ्या चपलेची तपासणी करतोय! मी काहीतरी तोडून बोलले. ते शांतपणे "सेरि, सेरि" म्हणाले, म्हणजे बरं, बरं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा खाली येऊन उभे राहिले. मी चढ नीट चढायला लागेपर्यंत ते रोज येत राहिले. नीट चढले त्या दिवशी शाबासकी वगैरे काही नाही. दुसऱ्या दिवसापासून यायचे बंद झाले, एवढंच.

त्यांच्या घरातली मराठी कित्येक पिढ्यांपूर्वी तंजावरला आलेली. तिथंच राहिली, तिथलं जेवली आणि हळूहळू तमिळ सुरात बोलायला लागली. सुरुवातीला मला अर्धं कळायचं नाही आणि त्यांना माझी नाशिककडची मराठी फार घाईची वाटायची. "तुम्ही महाराष्ट्रांतले लोक शब्द गिळतां," असं ते म्हणायचे. पण क्लचबद्दल बोलताना त्यांचा एकही शब्द मला कधी अडला नाही.

त्यांची सगळी नोकरी अंबत्तूरच्या एका क्लच बनवणाऱ्या कारखान्यात गेली, आणि तीही तक्रार विभागात. कुणाचा क्लच मुदतीच्या आत जळला की कारखाना रावकाकांना पाठवायचा. दोष मालाचा की चालवणाऱ्याचा, एवढंच ठरवून यायचं. ते जळकी प्लेट हातात घ्यायचे, बोट फिरवायचे, नाकाशी नेऊन वास घ्यायचे. पण निकाल लावायचे तो शेवटच्या परीक्षेवर. मालकाला म्हणायचे, "इरंगुंगो." उतरा. मग स्वतः बसून गाडीची एक चक्कर मारून आणायचे. गाडी नीट चालली की काचेतून डोकं बाहेर काढून सांगायचे, "वंडी नल्ला इरुक्कु." गाडी चांगली आहे. त्यापुढचं त्यांना बोलावं लागत नसे. गाडी चांगली, म्हणजे दोष कुणाचा ते ऐकणाऱ्याला कळायचं.

जॉर्ज टाउनमधल्या एका कागदाच्या व्यापाऱ्याची गोष्ट ते फार रंगवून सांगायचे. नवा क्लच तीनदा जळला म्हणून त्या व्यापाऱ्याने दुकानासमोर आरडाओरडा मांडला होता. हमाल, गिऱ्हाईकं, शेजारचे दुकानदार, सगळे गोळा झाले. रावकाकांनी त्याची व्हॅन भरलेल्या मालासकट घेतली, त्या चिंचोळ्या, हातगाड्यांनी तुंबलेल्या गल्लीतून फिरवली आणि जिथून नेली तिथंच आणून लावली. मग व्यापाऱ्याला बॉनेटजवळ बोलावलं. "वास घ्या," म्हणाले. कसलाच वास नव्हता. व्यापाऱ्याने आतून गुलाबाच्या वासाचा थंडगार पन्नीर सोडा मागवला. काकांनी तो घेतला नाही. "निकाल देल्यावर कुणाचं पाणी पिऊं नये," असं त्यांचं म्हणणं.

दुसरी गोष्ट ते क्वचितच सांगायचे, आणि ती मला अजून बोचते. एक निवृत्त हेडमास्तर होते. गाडीत बसले तेव्हा त्यांचा पाय थरथरत होता. ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, पाय ठीक आहे, क्लचच खराब आहे. "मी त्यांना उतरवलों," काका म्हणाले, "चक्कर मारून आलों आणि सांगितलों, सार, वंडी नल्ला इरुक्कु. तिथंच रस्त्यावर रडले ते."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? जें खरं तें खरं."

त्या दिवशी मला ते अजिबात आवडले नाहीत. त्यांच्या घरची कॉफी अर्धी टाकून मी उठले होते.

आता कमलाकाकूंबद्दल. मी राहायला आले तेव्हाच त्यांचं विसरणं सुरू झालेलं होतं. आधी डबे विसरले, मग दिवस, मग माणसं. बाहेर नोकरी करणारा मुलगा विसरला गेला, फोनवरचा त्याचा आवाज विसरला गेला, आणि एके सकाळी त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या काकांना विचारलं, "कोण पाहिजे? आमचे हे घरांत नाहींत. संध्याकाळीं या."

रोजचं झालं ते. दिवसभर काका त्या घरात परके पाहुणे होते. काकू त्यांच्याशी वागायच्या मात्र अदबीने. बसायला सांगायच्या, पाणी द्यायच्या, पदर सारखा करायच्या, आणि घड्याळाकडे बघत नवऱ्याची वाट बघायच्या. काका तिथंच खुर्चीत बसलेले असायचे.

संध्याकाळी काका शर्ट-पँट घालायचे आणि काकूंना सांगायचे, "खालीं गाडी आली आहे. तुमचे हे बोलावतात." काकू लगबगीने उठायच्या. हात धरून काका त्यांना जिन्याने खाली आणायचे, आपल्या रुपेरी गाडीत डाव्या बाजूला बसवायचे, फिरून उजवीकडे जाऊन स्टिअरिंगमागे बसायचे. काका बसले, एका हातात स्टिअरिंग आणि एका हातात गिअर आला, की काकू त्यांच्याकडे वळून म्हणायच्या, "केवढं उशीर केलांत आज!"

हे मी एकदा स्वतः पाहिलं. मला तिरुमंगलमला सोडायचं होतं म्हणून मी मागच्या सीटवर होते. काकूंनी विचारलं, "आज कुणाचं क्लच जळलं?" काकांनी लगेच एक गोष्ट सुरू केली, कुठल्याशा लॉरीची. काकू हसत होत्या. मधेच त्यांनी काकांच्या बाहीवरची सुरकुती हाताने सारखी केली. तिरुमंगलमहून पुढे अंबत्तूरच्या त्या कारखान्याच्या फाटकापर्यंत आणि परत, एवढा त्यांचा फेरा असायचा. घराच्या दाराशी आल्यावर काकू त्यांना म्हणायच्या, "बरं झालं सोडलांत. आता तुम्ही जा." दिवसातला तेवढाच वेळ त्या माणसाला बायको होती.

दुसऱ्या कुणी गाडी चालवलेली चालत नसे. एकदा टॅक्सी केली, तर मधल्या सिग्नलला दार उघडून काकू रस्त्यावर उतरल्या. काका शेजारी बसून हाका मारत होते आणि त्यांना त्या "चोर, चोर" म्हणत होत्या.

आणि नेमकी ती गाडीच रुसायला लागली.

सुरुवात गिअरपासून झाली. पहिला टाकताना करकर वाजायचा. मग कधीकधी गाडी सुरूच होईना. किल्ली फिरवली की टक् नाही की टुक् नाही. त्या गाडीत क्लचच्या पेडलवर एक छोटंसं बटण आहे. पेडल पार खाली गेलं, की ते दाबलं जातं, आणि तेव्हाच स्टार्टरला वीज मिळते. म्हणजे गिअर करकरणं आणि गाडी मुकी होणं, दोन्हीचं बोट क्लचकडेच. काकांना एका अर्थी हुरूप आला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तक्रारी पाहिल्या, आता स्वतःची आली होती.

"एकेक काढत जायचं," ते मला म्हणाले. "घाई केलं कीं निकाल चुकतें."

आधी बॅटरी बदलली. मग स्टार्टर उतरवून तपासला. पेडलखालचं तेल काढून नवं भरलं, नळीतली हवा काढली. तेल दाबणारा वरचा सिलिंडर बदलला, मग खालचा बदलला. ते बटणही नवीन आलं. शेवटी गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट बाहेर काढली. काकांनी ती नाकाशी नेली, बराच वेळ धरली आणि नुसतीच परत ठेवून दिली. प्लेट अगदी ठणठणीत होती.

हे सगळं सेल्वम करायचा. तिरुमंगलमला त्याचं गॅरेज. तरुणपणी तो काकांच्याच हाताखाली शिकलेला, त्यामुळे त्यांच्यासमोर अजून खुर्चीवर बसत नसे. तो किल्ली फिरवायचा तेव्हा गाडी दर वेळी सुरू व्हायची. काका फिरवायचे तेव्हा कधी व्हायची, कधी नाही. त्याला काकांकडे कारण तयार असायचं. रात्रभर उभी राहिली की नळीत हवा चढते. आता तेल गरम आहे म्हणून चालली. मधूनच येणारा दोष सगळ्यात वाईट, तो बघणाऱ्यासमोर लपून बसतो. आणि यातलं एकही कारण खोटं नव्हतं. गाडीत असंही होतं. इतकं सगळं माहीत असलेल्या माणसाला स्वतःला फसवायला बाहेरून काही आणावं लागत नाही.

एक दिवस सेल्वमने मला फाटकाशी गाठलं. हात पुसत होता, पुसून झाले तरी पुसत होता.

"मॅडम," तो म्हणाला, "वंडी नल्ला इरुक्कु."

मला ते आधीच कळलेलं होतं. त्याच आठवड्यात मला जिन्यात काकांची डावी चप्पल एकटीच पडलेली दिसली होती. पायातून निसटली ते त्यांना कळलंच नव्हतं. एका पायात चप्पल घालून ते घरापर्यंत गेले होते. मी ती नेऊन दिली तेव्हा त्यांनी आधी चपलेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि "वॉचमनचं काम असेल," म्हणाले. साखरेचा आजार त्यांना कधीचाच होता. पावलं बधिर होत चालली होती. पेडल पूर्ण दाबलं, असं त्यांना मनापासून वाटायचं, आणि ते जेमतेम निम्मं खाली गेलेलं असायचं.

"तुम्ही सांगा," सेल्वम म्हणाला. "तुम्ही त्यांच्या भाषेतल्या."

मी नाही सांगितलं. आज विचारलं तरी नाही सांगणार. काय सांगायचं होतं? काका, तुमचा पाय गेला आणि त्याच्याबरोबर तुमची बायकोही गेली, हे? त्यापेक्षा नळीत हवा असलेली बरी.

गाडी मुकी राहायची त्या संध्याकाळी वरून आवाज यायचे. काकू गॅलरीच्या गजांना धरून नवऱ्याला हाका मारायच्या, आणि आत ओढायला येणाऱ्या काकांना बुक्क्या मारायच्या. शेजारचे टीव्हीचा आवाज वाढवायचे. मीही वाढवायची.

मग आयुधपूजा आली, आपली खंडेनवमी. त्या दिवशी आमच्या पार्किंगला लग्नमांडवाची कळा येते. स्कूटरपासून मोठ्या गाड्यांपर्यंत सगळ्या धुऊन, चंदन-कुंकू लावून, हार घालून उभ्या. पुढे केळीचे कोंब बांधलेले. आरती होते, फाटकाबाहेर कोहळा फोडतात, आणि मग प्रत्येकाने चाकांखाली लिंबं ठेवायची आणि गाडी पुढे घेऊन ती चिरडायची. एकेकाची गाडी पुढे सरकते, लिंबं फुटतात, लोक टाळ्या वाजवतात. मग सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ, वाटतात.

काकांनी गाडी स्वतः धुतली होती. काकूंना जांभळी रेशमी साडी नेसवून, वेणीत फूल माळून शेजारी बसवलं होतं. इमारतीतले सगळ्यात जुने म्हणून पहिला मान त्यांचा. चारही चाकांखाली वॉचमनने लिंबं सरकवली. काकांनी किल्ली फिरवली.

काही नाही.

पुन्हा फिरवली. लोक मोबाइलकडे, हारांकडे, आपापल्या मुलांकडे बघायला लागले. कुणीतरी "धक्का मारू या का, सार?" म्हणालं. मी त्यांच्या खिडकीशी उभी होते. आतलं दिसत होतं. काकांच्या मानेची शीर ताठली होती, मांडी थरथरत होती, आणि पाऊल पेडलच्या कडेवर कसंबसं अडकलेलं होतं. पेडल निम्म्यावर होतं.

मग त्यांनी मान खाली घालून स्वतःच्या डाव्या पायाकडे पाहिलं. सगळ्या गावाचे डावे पाय बघितलेला माणूस, पण हा एवढा एक मागे ठेवला होता. त्यांनी बराच वेळ पाहिलं. कुणाच्या तरी तक्रारीकडे बघावं तसं पाहिलं.

"इरंगुंगो," ते पुटपुटले. स्टिअरिंगमागे दुसरं कुणी नव्हतं.

दार उघडून ते उतरले आणि मला म्हणाले, "बस."

"काका, राहू द्या ना. सेल्वमला बोलावू."

"बस म्हटलों ना."

मी बसले. गाडी सुरू होऊ नये म्हणून मी त्या क्षणी देवाला अगदी कळकळून विनवलं. क्लच दाबला, किल्ली फिरवली, आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली. काका खिडकीत वाकले. इंजिनाचा आवाज थोडा वेळ ऐकला.

"वंडी नल्ला इरुक्कु," ते म्हणाले. आवाजात काही नव्हतं. नोकरीवरचा आवाज.

तेवढ्यात काकूंनी माझं मनगट धरलं. नखं रुतली. "कोण तूं? ते कुठें गेले? आत्तां इथें होते!"

काका गाडीला वळसा घालून त्यांच्या बाजूला गेले. एक हात गाडीच्या टपावर टेकवून जात होते. काच खाली होती. "कमला," ते म्हणाले, "मी आहें. इथंच आहें."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, हातातली पकड सैल केली आणि पदर सारखा केला. "आमचे हे आत्तांच कुठें गेले," त्या अदबीने म्हणाल्या. "संध्याकाळीं या."

काकांनी मला हाताने खूण केली, घे पुढे. मी क्लच सोडला. चारही लिंबं फुटली. मागे उभ्या असलेल्यांना काही कळलं नव्हतं, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या रात्री मी सुंडलचा डबा घेऊन वर गेले. काकू झोपल्या होत्या. बिनक्लचच्या गाड्या मिळतात आता, असं मी म्हणाले. मलाच ते फुसकं वाटत होतं.

काकांनी दोन्ही पावलं पुढे करून दाखवली. "डॉक्टर मागेंच दोन्ही पायांबद्दल बोलले. डाव्यानं क्लच दाबलं नाहीं तर गाडी सुरू होत नाहीं, एवढंच. उजव्यानं ब्रेक दाबलं नाहीं तर?" आणि पावलं मागे घेत म्हणाले, "ते हेडमास्तर. त्यांचं घर कुठें होतं तें मज आठवतें. पण आता कोण असणार तिथें."  सांत्वनाचा एखादा शब्द मी काढला असता, तरी त्यांनी तो वास घेऊन बाजूला ठेवला असता.

पुढे माझी पुण्याला बदली झाली. निघायच्या दिवशी संध्याकाळी मी बॅगा घेऊन पार्किंगमधून फाटकाकडे चालले होते. त्या दोघांचा निरोप दुपारीच घेऊन झाला होता. काकूंनी मला कुंकू लावलं होतं आणि मी कोण ते विचारलं होतं.

रुपेरी गाडी तिच्या जागेवर होती. टायरमधली हवा उतरलेली, आयुधपूजेचा हार वाळून काळा पडलेला, तसाच बॉनेटवर. आत दोघं बसली होती. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर. मधूनच ते स्टिअरिंग जरासं इकडे, जरासं तिकडे फिरवत होते. काकू खूश दिसत होत्या. काका त्यांना कुठल्याशा लॉरीची गोष्ट सांगत होते.

मी गाडीमागून जात होते. काकांनी मला आरशात पाहिलं. हात उचलल्यासारखा केला आणि लगेच परत स्टिअरिंगवर ठेवला, तो काढून चालणार नव्हता.

"कां हो थांबलें?" काकूंनी विचारलं.

"सिग्नल आहे, कमला."

"केवढं वेळ झालं."

"मोठं सिग्नल आहे. सुटेल आतां."

"बरं," काकू म्हणाल्या, आणि पदर सारखा करून समोर बघत बसल्या. समोर पार्किंगची भिंत होती.